जिवाणू सापडला म्हणून ताण खोडू नका

आतडे आणि मेंदू यांच्या नात्यावर संशोधन करणाऱ्या, त्या संशोधनाला निधी देणाऱ्या आणि त्याचे निष्कर्ष तपासून छापणाऱ्या सर्वांस,

सादर नमस्कार.

मी तुमच्या क्षेत्रातली नाही. अर्धशिशीची जुनी रुग्ण आहे आणि तिच्या जोडीला आयबीएस, म्हणजे पोट वारंवार दुखण्याचा आणि शौचाचं तंत्र बिघडण्याचा विकार आहे. ही दोन्ही दुखणी एकाच शरीरात नांदतात, पण त्यांचे डॉक्टर वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. डोकं दुखण्याच्या आदल्या दिवशी पोट बिघडतं हे मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं की ते पोटाच्या डॉक्टरांकडे बोट दाखवतात. पोटाचे डॉक्टर म्हणतात, "ताण कमी करा." अशा चकरांमधून तुमचे शोधनिबंध वाचायची सवय लागली. सुरुवातीला शब्दकोश उशाशी लागायचा, आता बऱ्याच वेळा लागत नाही.

माझी तक्रार एकच आहे. तुमच्या अभ्यासांत आतड्यातले जिवाणू जनुकापर्यंत मोजले जातात आणि ताण मात्र एका प्रश्नावलीवर उरकला जातो. ताणाशी जोडलेल्या मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांबद्दल बोलताना ताणच परिघावर गेला, तर हाती काय लागणार? हे काल्पनिक भय नाही. वैद्यकशास्त्राने ही चूक एकदा केलेली आहे, आणि तीही याच पोटाच्या बाबतीत.

विसाव्या शतकाचा मोठा काळ पोटातला अल्सर म्हणजे काळजीचा आजार, असं मानलं जात होतं. रुग्णाला विश्रांती सांगायची, आम्ल कमी करायची औषधं द्यायची, फारच झालं तर शस्त्रक्रिया. मग 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. कोणी मनावर घेईना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचा द्राव स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. प्रतिजैविकांनी अल्सर कायमचा बरा होऊ लागला, असंख्य माणसं वाचली. या शोधाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे.

पण त्याच झटक्यात ताणाचं नाव कारणांच्या यादीतून जवळजवळ पुसलं गेलं. हा जिवाणू जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात राहतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही, हा अवघड प्रश्न मागे पडला. 17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबे परिसरात मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या जठरातल्या अल्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. जिवाणू भूकंपाच्या आदल्या दिवशीही त्याच पोटांत होता. 2011 मध्ये ईशान्य जपानमध्ये झालेल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तिथल्या डॉक्टरांना अल्सरचे रुग्ण आदल्या वर्षाच्या सुमारे दीडपट दिसले. आणि त्यांच्यात असेही होते, ज्यांच्या पोटात ना हा जिवाणू होता, ना त्यांनी वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. 2015 मध्ये डेन्मार्कमधल्या दीर्घकालीन पाहणीतूनही हेच पुढे आलं, की मानसिक ताण जास्त असलेल्यांना पुढे अल्सर होण्याची शक्यता जास्त असते, पोटात पायलोरी असो वा नसो. म्हणजे ज्या आजारात जिवाणूची बाजू इतकी भक्कम आहे, तिथेही ताणाला बाहेर काढता आलं नाही. तुमच्या हातातल्या पुराव्याची बाजू तर त्याहून कितीतरी नाजूक आहे.

आता तुमच्या पुराव्याकडे येते. 2004 मध्ये जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले आणि त्यांना हलता येणार नाही अशा जागेत थोडा वेळ कोंडून ठेवलं. साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं बरीच जास्त वाढली. बिफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस हा एकच जिवाणू त्यांच्या आतड्यात सोडल्यावर ही अतिरेकी प्रतिक्रिया निवळली. साध्या उंदरांच्या विष्ठेतले जिवाणू दिले तेव्हाही थोडी सुधारणा झाली, मात्र ती लहान वयात दिले तरच. वय उलटल्यावर दिलेल्या जिवाणूंनी फरक पडला नाही. ताणाला उत्तर द्यायची शरीराची पद्धत कोवळ्या वयात घडत असते आणि ती घडवण्यात आतड्यातल्या रहिवाशांचा हात असतो, हे त्यातून पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. मला हा प्रयोग आजही या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्याचं कारण, त्यात ताण प्रत्यक्ष दिला गेला होता, वेळ लावून मोजला गेला होता. तो गृहीत धरलेला नव्हता.

2011 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कचे जॉन क्रायन आणि कॅनडाचे जॉन बिनेनस्टॉक यांच्या गटाने पुढची पायरी दाखवली. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससचा जेबी-1 हा प्रकार खाऊ घातलेले उंदीर कमी घाबरत होते, ताणाखाली त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी वाढत होतं, मेंदूत गाबा हे रसायन टिपणारे रेणू बदललेले होते. आणि आतड्यातून मेंदूकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू कापला की मेंदूतले आणि वागण्यातले हे परिणाम नाहीसे होत होते. व्हेगसमधले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे अवयवांकडून मेंदूकडे निरोप नेतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निकालाची गंमत कळेल.

मग तोच जिवाणू माणसांना दिला गेला. 29 निरोगी पुरुष, चार आठवडे जिवाणूची कॅप्सूल, चार आठवडे प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ कॅप्सूल. बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून ताण दिला, कॉर्टिसोल हे माणसातलं ताणाचं संप्रेरक मोजलं, स्मरणशक्ती तपासली. प्लासिबोपेक्षा काडीचाही फरक आढळला नाही. हा निकाल 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कॉर्कच्याच गटाने छापला, याबद्दल त्यांना माझा मनापासून सलाम. पण उंदरांचा निबंध अजूनही ठिकठिकाणी उद्धृत होतो आणि माणसांचा बहुधा तळटिपेत जातो. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, डब्यांवर तर तो कुठेच नसतो.

जेबी-1 निरोगी, निवांत पुरुषांवर चालला नाही. ज्यांच्या आयुष्यात ताण ठाण मांडून बसला आहे अशांवर तो चालला असता का, हा वेगळा प्रश्न आहे. ताण नसलेल्या माणसावर ताणाचं औषध तपासायचं, आणि मग एकतर औषध निकामी म्हणायचं किंवा उंदरांच्या भरवशावर विकत राहायचं, या दोन्हीत मला अर्थ दिसत नाही.

निर्जंतुक उंदरांबद्दलही एक शंका आहे. 2014 आणि 2015 मधल्या कामातून कळलं, की अशा उंदरांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल असतो आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी अपक्व राहतात. म्हणजे त्यांचा मेंदूच वेगळा घडलेला असतो. अशा प्राण्यात जिवाणू सोडून मिळालेला बदल माझ्यासारख्या, आयुष्यभर जिवाणूंसोबत राहिलेल्या बाईला कितपत लागू पडावा? शिवाय 2020 मध्ये जेन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी एक साधी मोजणी केली. रुग्णांची विष्ठा उंदरांत सोडून त्यांच्यात तो आजार येतो का हे पाहणारे 38 अभ्यास त्यांनी काढले. त्यातल्या 36 अभ्यासांत आजाराची लक्षणं उंदरांत आली, असं म्हटलेलं होतं. इतकं यश कोणत्याही विज्ञानशाखेत संशय निर्माण करायला पुरेसं आहे, आणि त्यांनी तो संशय उघड बोलून दाखवला. तुमच्यापैकी किती जणांनी त्यानंतर आपली पद्धत बदलली?

ताणाचा बाण उलट्या दिशेनेही चालतो, हे तुमच्याच शास्त्रात तीसेक वर्षांपासून नोंदलेलं आहे. 1992 मध्ये मार्क लाइट यांनी दाखवलं, की ताणात शरीर जे नॉरएपिनेफ्रिन सोडतं, त्याच्या सान्निध्यात ई. कोलायसारखे जिवाणू परीक्षानळीत झपाट्याने वाढतात. म्हणजे जिवाणू आपल्या भीतीची चाहूल थेट घेतात, मध्ये कोणी दुभाषा लागत नाही. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या संशोधकांनी 2014 मध्ये तर सरळ माणसांवर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करायला लावलं आणि त्यांच्या लहान आतड्याचं अस्तर किती झिरपतं ते मोजलं. ज्यांचं कॉर्टिसोल भाषणाने वाढलं, त्यांच्यात झिरपणंही वाढलं. मास्ट पेशी या दाह भडकवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवणारं औषध आधी दिलं असता ते वाढलं नाही. एका भाषणाने एवढं होत असेल, तर वर्षानुवर्षं आजारी माणसाची सेवा करणाऱ्याच्या, कर्जाखाली दबलेल्याच्या किंवा घरात मार खाणाऱ्या बाईच्या आतड्याचं काय होत असेल? मला हा प्रश्न जेबी-1 पेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आणि आता वॉकर्टन. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं छोटं गाव. मे 2000 मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय ओ157:एच7 आणि कॅम्पिलोबॅक्टर शिरले, दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, सात दगावली. नंतर या गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, आणि डॉक्टरांनी निदान केलेला संसर्ग ज्यांना झाला होता त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांना पुढे आयबीएसची लक्षणं जडलेली आढळली. संसर्ग न झालेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. पाणी एक, जिवाणू तेच, तरी एकाला आयबीएस आणि दुसऱ्याला नाही. कारणं शोधताना जुलाब किती दिवस टिकले, किती तीव्र होते हे तर आलंच, पण आधीपासून चिंता किंवा नैराश्य असणं हेही त्या यादीत आलं. या एका गावात जिवाणू आणि मन यांची बेरीज झालेली दिसते. अशी बेरीज पाहायला कोणाला साथीची वाट पाहावी लागू नये.

ऑस्ट्रेलियात बारा वर्षं चाललेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच काळाच्या पट्टीवर दिसलं. सुरुवातीला पोट ठीक पण मनात चिंता, अशांना पुढे पोटाचे विकार जास्त झाले. सुरुवातीला मन ठीक पण पोट बिघडलेलं, अशांना पुढे चिंता आणि नैराश्य जास्त आलं. हे कळायला जनुकांची उकल लागली नाही. त्याच माणसांना पुन्हा गाठून विचारण्याची चिकाटी लागली.

या चिकाटीची तुमच्याकडे वानवा आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. एका अभ्यासासाठी मीही नमुना दिला होता. कोणाचा ते सांगत नाही, माणसं भली होती. विष्ठेचा नमुना किती वेळात, कोणत्या तापमानाला, कोणत्या नळीत ठेवायचा याच्या सूचना पानभर होत्या. ताणासाठी एक कागद आला. गेल्या महिन्यात किती वेळा अस्वस्थ वाटलं, किती वेळा गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या, शून्य ते चार यांतला आकडा निवडा. शेल्डन कोहेन यांनी 1983 मध्ये आणलेली ही मोजपट्टी आहे, वाईट अजिबात नाही. पण माझा गेला महिना बरा गेला होता. त्याआधीची वर्षं कशी गेली, हे लिहायला कागदावर जागाच नव्हती. अर्धशिशी त्या वर्षांतली आहे, त्या महिन्यातली नाही. माझा नमुना 'कमी ताण' या रकान्यात गेला असणार, आणि माझे जिवाणू कमी ताणाचे जिवाणू ठरले असणार.

ताणच कशाला, इतर गोष्टीही अशाच निसटतात. 2018 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने हजाराहून जास्त औषधं आतड्यातल्या 40 प्रकारच्या जिवाणूंवर तपासली. प्रतिजैविकं सोडून जी औषधं होती, त्यांतल्याही 24 टक्क्यांनी निदान एका तरी जिवाणूची वाढ रोखली, आणि मनोविकारांवरची औषधं त्यात उठून दिसली. मग नैराश्याच्या रुग्णांचे जिवाणू वेगळे दिसले, तर ते नैराश्याचे की गोळ्यांचे? बेल्जियममधल्या 1,054 जणांच्या पाहणीने 2019 मध्ये हा हिशेब केला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. नैराश्याची औषधं वजा करूनही नैराश्य असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. चांगलं काम आहे. तरीही तो एका क्षणाचा फोटो होता. आधी जिवाणू घटले की आधी मन खचलं, हे फोटोवरून कळत नाही. त्याच प्रकल्पाने आधी असंही दाखवलं होतं, की जिवाणूंच्या रचनेतल्या फरकाशी सर्वांत घट्ट नातं विष्ठा किती घट्ट वा सैल आहे याचं असतं. आणि विष्ठा घट्ट की सैल हे ताणावर कसं अवलंबून असतं, ते परीक्षेच्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला विचारा.

कंपवाताबद्दल, म्हणजे पार्किन्सनबद्दल, थोडंच लिहिते, कारण तिथे बाण आतड्याकडून मेंदूकडे जात असल्याचा पुरावा इतरांपेक्षा बरा आहे. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू झालेली असते. कंपवातात मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन जास्त तयार करणाऱ्या उंदरांवरचं 2016 मधलं अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचं काम प्रसिद्धच आहे. निर्जंतुक ठेवले तर त्यांच्या हालचाली कमी बिघडतात, रुग्णांचे जिवाणू दिले तर जास्त. पण 2024 मध्ये विष्ठा-प्रत्यारोपणाच्या, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या, दोन चाचण्यांचे निकाल आले. बेल्जियममध्ये वर्षभराने हालचालींत माफक सुधारणा दिसली, प्लासिबोवरचे रुग्णही थोडे सुधारले. फिनलंडमध्ये प्लासिबोपेक्षा सरस काही दिसलं नाही. आता कंपवात तपासताना मेंदूचे डॉक्टर काय करतात ते आठवा. दबलेली थरथर वर यावी म्हणून रुग्णाला शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावतात. मनावर थोडा भार आला की हात हलायला लागतो. तपासणीच्या खोलीत ज्याचा असा रोज उपयोग होतो, तो ताण जिवाणूंच्या तक्त्यात रकाना म्हणूनही का येत नाही?

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर असलेल्यांची तर गतच वेगळी. मेंदूच्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही, तरी पाय चालत नाही, झटके येतात. त्यांच्यातल्या अनेकांना पोटाचे त्रासही असतात, ताण आणि जुने आघात हा विषय त्यांच्या बाबतीत नेहमीच निघतो. आतडे-मेंदू नात्याची परीक्षा घ्यायला यांच्याइतकी योग्य माणसं कुठली? तरी त्यांच्यावरचे जिवाणूंचे अभ्यास अगदी मोजके आहेत. 'सगळं मनाचं आहे' असं ऐकून कंटाळलेल्या या रुग्णांना उद्या कोणी 'सगळं आतड्याचं आहे' असं सांगू नये, एवढी तरी काळजी घ्या.

माझ्या मागण्या फार महागड्या नाहीत. एकाच माणसाचा नमुना वर्षभरात वारंवार घ्या आणि दर वेळी त्याच्या आयुष्यात काय चाललं आहे ते माणसासारखं विचारा. नोकरी गेली का, कोणी वारलं का, झोप किती. केसांतलं कॉर्टिसोल मोजता येतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तीन सेंटिमीटरमध्ये गेल्या तीन महिन्यांचा माग सापडतो. विष्ठेच्या नमुन्यापेक्षा ते द्यायला आम्हाला कमी संकोच वाटेल, हेही जाता जाता सांगते. प्रोबायोटिकची चाचणी करायची असेल, तर जिवाणूच्या प्रकाराचं पूर्ण नाव लिहा आणि ताणाखाली असलेल्यांवर करा. ताण कमी करणाऱ्या उपचारांच्या, समुपदेशनाच्या किंवा आतड्यासाठीच्या संमोहनाच्या चाचण्या चालू असतात, त्यांत जिवाणूंचे नमुनेही आधी आणि नंतर घ्या. गोळीने मन बदलतं का हे पाहता, तसं मन हलकं झाल्यावर आतड्यातली वस्ती बदलते का तेही दिसेल.

निधी देणाऱ्यांना विशेष विनंती. फरक न आढळलेले निकाल छापण्याची अट करारातच घाला. निबंध तपासणाऱ्यांना विनंती, की प्रयोग उंदरांवरचा असून शीर्षकात 'उंदरांमध्ये' हा शब्द नसेल तर निबंध परत पाठवा. आणि ताणाचं एखादं तरी मोजमाप नसलेल्या निबंधाच्या निष्कर्षात 'ताणाशी संबंधित विकार' हे शब्द आले, तर तिथे लाल शाई वापरा.

अभ्यासात भाग घेणाऱ्यांना निकाल कळवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. मी दिलेल्या नमुन्याचं काय झालं, ते मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या वेळी संमतिपत्रावर एक चौकोन वाढवा, 'निष्कर्ष मला कळवा' असा. मी त्यावर खूण करीन, केसही देईन. प्रश्नावलीसाठी मात्र एका पानापेक्षा जास्त जागा लागेल.

आपली,
अर्धशिशी आणि आयबीएस या दोन्हींची एक रुग्ण